न जोडलेलं पिकअप

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते करमणुकीसाठी, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाचा पंखा आपोआप फिरतो... अहो, आधी रेग्युलेटर बघा, मग भूत बघा! घरचे सगळे दरसाल गाणगापूरला जातात. मीही जातो – आणि लॉजवर बसून पेपर वाचतो. हुमनाबादला आयटीआयच्या पोरांना बावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोय. ज्याला सर्किट कळत नाही त्याला चमत्कार दिसतो, असं माझं मत होतं. बरंचसं अजूनही आहे.

फावल्या वेळात घरामागच्या खोलीत मी ऑर्केस्ट्रावाल्यांचे अँप्लिफायर म्हणजे अँप, गिटार वगैरे दुरुस्त करतो. मागच्या वर्षी संतपूरच्या सुनंदा अक्का आल्या. शाळेत मास्तरीण, घरची तूर-सोयाबीनची शेती. त्यांना बेस गिटार बनवून हवी होती. कुणासाठी, तर स्वतःसाठी! पंचेचाळिशीची बाई. मी मनात म्हटलं, चला, एवढंच बघायचं राहिलं होतं.

त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेलं एक पिकअप काढलं. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवतात ती चुंबकांची पट्टी. तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार थरथरली की या वेढ्यांत, म्हणजे कॉईलमध्ये, वीज तयार होते आणि अँपमधून आवाज येतो. वेढा एका जागी जरी तुटला, तरी खेळ खलास.

ते पिकअप मी बघताक्षणी ओळखलं. विजूचं. अक्कांचा धाकटा भाऊ, माझा विद्यार्थी. लॅबमधल्या हँडड्रिलवर महिनाभर बसून त्यानं ते गुंडाळलं होतं, एका बाजूला फुगलेलं, ओबडधोबड. मीटर लावला तर काटा हलेना. तार आत कुठेतरी तुटली होती. सगळ्या वर्गासमोर मी म्हणालो होतो, "हे वाजलं तर मी मास्तरकी सोडतो." वर्ग खो खो हसला. विजूही हसला. त्यानंतर त्यानं ते कधी माझ्यासमोर आणलं नाही. तीन वर्षांपूर्वी काविळीनं तो गेला.

मी पुन्हा मीटर लावला. काटा ढिम्म.

"अक्का, हे मेलंय. जुने वेढे काढून नवी तार गुंडाळून देतो."

"नगं सर. त्याच्या हातची तार हाय ती. हाय तसंच बसवा."

"वाजणार न्हाई ते."

"तुमी जोडून तर बगा. ह्याचा आवाज एकदा ऐकायचाय मला. त्याच्यापायीच शिकायलेय की मी."

आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? मी बरं म्हणालो.

सागवानाची बॉडी लॉरीच्या बॉड्या बांधणाऱ्या सुताराकडून करून घेतली. हैदराबादहून चांगलं पिकअप मागवून ते ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे संपतात तिथे बसवलं. मानेकडच्या बाजूला विजूचं. दोघांना आवाजाचा एकेक नॉब. आणि इथे मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विजूचं पिकअप मी जोडलंच नाही. मेलेल्या कॉईलसाठी सोल्डर कशाला जाळा? त्याच्या दोन्ही वायरी आखूड कापल्या, टोकांना काळी टेप गुंडाळली आणि आत खुपसून दिल्या. त्याचा नॉबसुद्धा नुसता शोभेचा, आत एकही वायर नाही. अक्का दोन्ही नॉब उघडे ठेवून वाजवतील, भावाची आठवण काढतील, डोळे पुसतील. मास्तरीणबाईंना आतलं काय कळणार?

न्यायला आल्या तेव्हा दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन, हायवेवर लॉऱ्यांचे हॉर्न. अमावास्या नव्हती – नंतर मी मुद्दाम कॅलेंडर बघितलं. अक्कांनी गिटार मांडीवर घेतली, अँप लावला, थोडं वाजवून बघितलं. छान वाजली. मग त्यांनी नव्या पिकअपचा नॉब शून्यावर आणला.

"आता निस्ता विजूचा," म्हणाल्या.

बाई शिकून आली होती! 'आधीच सांगितलं होतं ना मेलंय म्हणून' हे वाक्य मी तयार ठेवलं...

आणि आवाज आला.

जाड, जरासा घोगरा. नव्या पिकअपचा नक्की नव्हता, एवढं तरी मला कळतं. अक्कांनी विजूचा नॉब – ज्याला वायरच नाही तो – कमी केला. आवाज कमी झाला. वाढवला, तर वाढला.

"स्क्रू ढिला दिसायलाय," असं म्हणून मी नॉबांची पट्टी उचलली. कापलेली टोकं जिथल्या तिथे होती. टेप सोडवली, दोन चिमटीत दोन टोकं धरली आणि म्हणालो, "वाजवा." त्यांनी वाजवलं. टोकं माझ्या बोटांत होती आणि अँप वाजत होता. टोकांना मीटर लावला. काटा ढिम्म.

"सर, मीटर कामून लावायलाव?"

"काई न्हाई."

अक्का एकाच वेळी रडत होत्या आणि हसत होत्या. "विजू म्हणायचा, सर लई तोडून बोलतेत, पर हाताला गुण हाय त्येंच्या. तुमी जोडलाव म्हणूनच वाजलं बगा."

मी म्हणालो, "व्हय."

आता इथले पंडित लिहितीलच – इंडक्शन असेल, लीकेज असेल, सरांचं वायरिंग चुकलं असेल. लिहा की! नसलेलं वायरिंग चुकतं कसं, तेही लिहा. माझ्या अकलेनं जे तपासता येतं ते सगळं मी तपासलं. उत्तर मिळालेलं नाही.

अक्का दर गुरुवारी गावच्या भजनात वाजवतात, फक्त विजूच्या पिकअपवर. तारा बदलायला दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा मी नॉबांची पट्टी उघडून बघितली. टोकं कापलेलीच. दुसऱ्या वेळी ठरवलं, आता तरी खरोखर जोडून टाकू, निदान ते 'व्हय' तरी खोटं राहायचं नाही. सोल्डरिंग आयर्न तापवला, टोकं सोलली... आणि मनात आलं, मी जोडलं आणि ते बंद पडलं तर?

आयर्न बंद केला. टोकांना नवी टेप लावून पट्टी बसवली. अक्कांना अजून काही सांगितलेलं नाही, आणि याची मला लाज वाटते. विजूला दिलेला शब्दही पाळलेला नाही. मास्तरकी चालू आहे.