भावाच्या गिटारचा आवाज

धाकटा भाऊ मार्चमध्ये गेला, थोड्याच दिवसांच्या आजारात. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कोपरीच्या घरी मी पुस्तक उघडते, अर्धं पान वाचते, उठते, आणि त्याने कधीतरी फोनवर पाठवलेला गिटारचा तुकडा पुन्हा लावते. त्यात मागे कुकरची शिट्टी आहे, त्याचं "ताई, हे ऐक" आहे, आणि मग तो सूर. जाडसर, कडा हाताने घासून गुळगुळीत केल्यासारखा.

पुढे आईने ठरवलं की गिटार त्याच्या मित्राला द्यायची. मित्र शहाडला राहतो; दोघं एकत्र वाजवायचे. "पडून पडून गंजेल अगं ती. वाजवणाऱ्याकडे जाऊ दे." मला ते पटलं. फक्त ती जाण्याआधी एकदा तो आवाज माहेरी, डोंबिवलीच्या घरात ऐकायचा होता, फोनमधून नव्हे. ही इच्छा कोणाला सांगण्यासारखीही नव्हती, पण तिने माझा पिच्छा सोडला नाही.

रविवारी मी तिथे गेले आणि मित्रही आला. खांद्याला पिशवी, तिच्यात सोल्डरिंगचं सामान आणि गिटार जोडायची स्वतःची आखूड वायर. आम्ही भावाचा अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, पलंगाखालून ओढून काढला. मित्राने शेजारीच स्टूल घेतलं, गिटार जोडली आणि फोनवरचाच तो तुकडा वाजवला.

बोटं बरोबर पडत होती. आवाज भलताच होता. लख्ख, टोकदार, स्टीलच्या ताटलीवर चमचा आपटावा तसा.

"हाताचा फरक असेल," मी म्हटलं.

"हाताचा असतोच, ताई. पण इतका नाही."

कारण मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. भावाने गिटारचं आतलं वायरिंग स्वतः केलं होतं आणि बाबांच्या बंद पडलेल्या रेडिओतला एक कपॅसिटर काढून तिला लावला होता. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. "बाबा आता गिटारमध्ये असतात," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मी त्या गोष्टीवर फार विसंबले होते. आवाज बदललाय म्हणजे तो जुना कपॅसिटर गेला असणार.

मित्राने गिटारवरची बटणांची पट्टी उघडली. आत अगदी थोडं काही होतं: दोन-चार वायरी, बटणांच्या पाठी आणि ती मेणचट तपकिरी नळी, बाबांच्या रेडिओतला कपॅसिटर. मी विचारत राहिले, तो सांगत राहिला. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार. तिच्यात सूर उमटतो. टोनचं बटण खाली आणलं की त्या सुरातला टोकदार भाग कपॅसिटरच्या वाटेने निघून जातो. आवाजाचं बटण खाली आणलं तरी थोडी चमक जातेच. "यात भर घालणारं काही नाही, ताई. इथे सगळं काढून घेणारंच आहे. उरतं तो टोन."

मी उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले.

त्याने तेवढ्याच क्षमतेचा नवा कपॅसिटर जोडून वाजवलं. ताटली आणि चमचा. पुन्हा जुना जोडला. तेच.

"काका निर्दोष," तो म्हणाला. मला हसू आलं आणि त्याचा रागही आला.

मग त्याचा संशय बटणांवर गेला. बटणाचा रोध जास्त असला की आवाज उजळ होतो. कोणी बदलली असतील तर? त्याने मीटर लावला. बटणंही ठीक होती. त्याने मीटर बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं. जो आवाज मी ऐकायला आले होते, तो भावाबरोबरच गेला असणार, आणि आपण उगाच त्याच्या गिटारचं पोट फाडून बसलोय.

आई पोहे घेऊन आली. "अजून उघडंच? ऑपरेशन आहे का काय?" मग बशा ठेवताना म्हणाली, "आणि त्या डब्याला असे चिकटून काय बसलात? तो कुठे असा बसायचा?"

खरंच नाही बसायचा. बेडरूमच्या भिंतीपलीकडे शेजारचे आजारी आजोबा झोपतात. म्हणून अ‍ॅम्प दाराजवळच्या पॅसेजमध्ये आणि तो स्वतः बेडरूमच्या खिडकीत, असा त्याचा आणि आईचा तह झाला होता. मी लग्नानंतर घर सोडलेलं. मला हे माहीत होतं आणि आठवलं नव्हतं.

मित्राने बशी खाली ठेवली. "काकू, एवढ्या लांब म्हणजे मोठी वायर असेल. ती कुठंय?"

"गॅलरीत."

"गॅलरीत कुठे?"

"वाळत घालते मी तिच्यावर. दोरी तुटली होती, ही रिकामीच पडलेली. चांगली आहे रे, कपड्यांना डाग पडत नाहीत."

"काकू!"

"काय काकू? पुसून घेतली होती मी आधी."

आम्ही गॅलरीत गेलो. वायर ग्रिलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुहेरी ताणलेली होती, दोन्ही पिना गाठींतून लोंबत होत्या, आणि वर आईचे गाऊन, टॉवेल, एक चादर. आईने एकेक कपडा काढून माझ्या हातावर टाकला. गाठी सोडवताना मित्र सांगत होता की वायरीच्या आत एक तार आणि तिच्याभोवती जाळी असते. दोन्ही मिळून कपॅसिटरचंच काम करतात. वायर जितकी लांब, तितका टोकदार भाग वाटेत सांडतो. "मला आधी सुचायला हवं होतं," तो म्हणाला.

अ‍ॅम्प पॅसेजमध्ये ठेवला. मित्राने रुमालाने पिना घासल्या आणि खिडकीत जाऊन बसला. हॉलमधून वायर गेली, आईने सवयीने पाय उचलून ती ओलांडली.

मग तो वाजवू लागला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मी ओले कपडे हातावर घेऊन पॅसेजमध्येच उभी होते. तोच आवाज होता. जाडसर, गुळगुळीत.

"अरे, बारीक कर जरा. आजोबा झोपले असतील," आई आतून म्हणाली. ज्या सुरात रोज म्हणायची, त्याच सुरात.

मित्राचा हात गिटारच्या बटणाकडे गेला. "गिटारवरचं नको," मी म्हटलं, "मी इथून कमी करते." आणि अ‍ॅम्पचं बटण थोडं मागे आणलं.

जाताना तो वायर गुंडाळून पलंगावर ठेवू लागला, तर आईने ती उचलून त्याच्या पिशवीत कोंबली. "तिच्याशिवाय काय करणार तू?"

तो गेल्यावर घर फार रिकामं झालं. कपडे खुर्च्यांच्या पाठींवर पसरले होते, चादरीतून पाणी ठिबकत होतं. मला बसवेना. चपला घातल्या आणि दोरी आणायला खाली उतरले.