दोन दिवसांत ढिल्ला

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी नंदिनीच्या खाणीतून चुनखडीचे नमुने फटफटीवर आणायचो. रस्त्यावरची गिट्टी उडून घोटे सोलून निघायचे, म्हणून दुर्गला उंच बूट घ्यायला गेलो. दुकानदार नागपूरकडचा, भारी गोडबोल्या. एक जोड घालून पाहिला, तर बोटं आत मुडपलेली. गिअर कसा टाकणार? तो मात्र बाहीने बूट पुसत म्हणाला, "घेऊन तर जा, भाऊ. दोन दिवसात ढिल्ला होते."

महिन्याभरात अंगठ्याचं नख काळं पडून गळलं. मी बूट त्याच्या पुढ्यात आपटले. तो हसला. "पायाले सवय होऊन राहिली, भाऊ."

संतापाने माझी नजर खाली गेली. त्या हरामखोराने स्वतःच्या बुटाला, करंगळीपुरती, ब्लेडने खिडकी कापली होती!