तिसावा टोला

आमच्या धुळ्याच्या चर्चमध्ये कुणी गेलं की घंटा वाजते, आणि माणसाचं जेवढं वय तेवढेच टोले पडतात. जुन्या मिशनऱ्यांनी घालून दिलेली पद्धत. पहिला टोला ऐकला की हातातलं काम ठेवून आम्ही बायका मोजू लागतो. साठी ओलांडली की पुन्हा भाकरी थापायला घेतो.

माझे यजमान पाळक. त्याआधी बरीच वर्षं आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यांवर सेवेत काढली. तिथे जन्मलेली आमची एकुलती एक मुलगी हवाई दलात हेलिकॉप्टर उडवते. शांतीची सुवार्ता सांगणाऱ्याची पोर फौजेत, म्हणून लोकांनी खूप चेष्टा केली. यजमान हसण्यावारी नेत; मला कधी हसू आलं नाही. मी तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं. खाली आलीस की एक शब्द पाठवायचा, 'उतरले'.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी टीव्हीवर बातमी आली. डोंगरात हवाई दलाचं हेलिकॉप्टर कोसळलं होतं, आतल्यांची नावं कळली नव्हती. त्या दिवशी तिचं उड्डाण होतं, आणि तिचा फोन बंद. मी यजमानांना म्हटलं, आपली नसू दे अशी प्रार्थना करा. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"मग कोणाची असू दे म्हणू?"

मला इतका संताप आला की त्यांच्यापुढचा चहा उचलून मी मोरीत ओतला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते अंगणात जाऊन बोलले, आत येऊन शर्ट चढवला, माझ्याकडे न बघता "चर्चवर जाऊन येतो" म्हणाले आणि गेले. पाचेक मिनिटांत घंटा सुरू झाली.

मी ओटा धरून उभी राहिले. पोर एकोणतीस वर्षांची होती. वीस टोले झाले तसं वाटलं, कानात बोटं घालावीत, पण हात ओटा सोडेनात. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. आणि घंटा थांबली.

किती वेळ, सांगता येणार नाही. मी खाली फरशीवर बसले होते आणि रस्त्यावरून भाजीवाल्याची आरोळी स्वच्छ ऐकू येत होती.

मग तिसावा टोला पडला. "प्रभू, तुझे उपकार," मी मोठ्याने म्हणाले. पुढच्या प्रत्येक टोल्याला मी रडत होते आणि हसतही होते. घंटा ब्याऐंशीला थांबली.

शेजारीण दारात आली. "आपली नर्सबाई गई, अक्का. तुम्हनी पोर बरी शे ना?"

माझी पोर पायाळू. पाड्यावर तेव्हा जीप यायलाही रस्ता नव्हता. याच नर्सबाईंनी तिला सुखरूप बाहेर काढलं होतं. आणि त्यांच्या मरणाच्या टोल्यांवर मी देवाचे उपकार मानले होते. मला माझीच किळस आली.

यजमान परत आले. तुझ्या डोक्याला आणखी ताप नको म्हणून नर्सबाईंचं सांगितलं नाही, म्हणाले. मध्येच का थांबलात, मी विचारलं.

"एकोणतीसपर्यंत आलो आणि पुढचा टोला हातून निघेना."

दुपारी दोनला 'उतरले' आलं. हवा बिघडल्यामुळे तिला भलतीकडेच उतरावं लागलं होतं आणि तिथे नेटवर्क नव्हतं. कोसळलेलं हेलिकॉप्टर दुसऱ्या तळावरचं होतं. यजमानांनी डोळे पुसले आणि त्या दुसऱ्या घरांसाठी गुडघे टेकले. या वेळी मीही टेकले. संध्याकाळी नर्सबाईंच्या पेटीवर माती टाकताना मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

तेव्हापासून घंटेला हात लावण्याआधी यजमान घरी फोन करून गेलेल्या माणसाचं नाव सांगतात. मुलगी आता एकतीस वर्षांची आहे. नाव कळलेलं असतं, तरी बत्तिसावा टोला पडेपर्यंत मी ओटा सोडत नाही.