बुलबुलाला कचरा म्हणणारी माणसं

माझी नात पल्लवी बेळगावात बँकेत आहे. सुट्टी मिळाली की निपाणीला घरी यायचं सोडून गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरं बघायला रानात पळते. शेवटी म्हटलं, तू येत न्हाईस तर मीच येती.

शनिवारी बसनं गेले. आधार कार्ड दाखवलं की बायकांना तिकीट फुकट. पण कार्ड हाताशी ठेवा. माझं पिशवीत चिवड्याखाली, आणि कंडक्टर डोक्यावर उभा, "अज्जी, लगू तगीरी!" म्हंजे लवकर काढा. संध्याकाळी खडेबाजार फिरलो, कुंदा खाल्ला, झ्याक.

रविवारी उजाडायच्या आत पल्लवीच्या दोस्तांबरोबर जांबोटीला. तिकडं बसा कमी, गाडी केलेली बरी. वळणं लई. म्हटलं, असलं रान मी जन्मात बघितलं नव्हतं. एक पोरगा म्हणाला, "मग आज्जी, हे तुमचं लायफर!" जन्मात पहिल्यांदा दिसलेल्या पाखराला ही मंडळी लायफर म्हणतात. शब्द मला आवडला.

मग मलाच फांदीवर पाखरू दिसलं. "त्यो बघा, त्यो!" सगळ्या दुर्बिणी वर. तोच पोरगा म्हणाला, "सोडा, ट्रॅश आहे."

"म्हंजे गं?"

"कचरा," पल्लवी कुजबुजली.

एवढ्या चांगल्या रानात कचरा टाकला कुणी? मी तणतणत झाडाखाली शोधायला लागले. सगळे पोट धरून हसले. तेव्हा कळलं, कचरा म्हणजे तो बुलबुल! रोज दिसणाऱ्या पाखराला असं म्हणतात म्हणे. आमच्या पडवीत तारेवर बसून जो मला रोज उठवतो, तो कचरा?

"रोज दिसतंय म्हणून कचरा? मग निपाणीत मी बी रोज दिसत होते की गं तुला!"

पल्लवीनं दुर्बीण परत डोळ्याला लावली.

त्यांना हवा होता कर्णा, लाल पोटाचा पक्षी. पल्लवी दोन वर्षं त्याच्या मागं आहे. दुपार झाली, दिसला न्हाय. "डिप झाली, आज्जी." ज्याच्यासाठी गेलो तेच न दिसणं म्हणजे डिप. तोंड एवढंसं झालं पोरीचं. मी दशमी दिली, पण राग होताच.

घरी आले. चार दिवसांनी तिचा फोन.

"आज्जी, रविवारी येऊ?"

"का गं? रानात न्हाय जायचं?"

"न्हाय. घरी एकदा तुझी डिप झाली, तर मग कुठं शोधू?"

"ये. पण आधी तो कचरा शब्द मागं घे."

घेतला. बुलबुलाचं नाव घेऊन घेतला. तरी माझा राग पुरता गेलेला न्हाय. दशमीचं पीठ मात्र दळून आणलंय.