तोंडाची कुस्ती

पिशोरच्या मुंजाबाची लेक सुकेशनी कुस्ती खेळायची, तेव्हा तिचं नाव कन्नडच्या बाजारापर्यंत जायचं, त्यापलीकडं नाही. राज्याची दोन पदकं तिच्याकडं होती. बापानं मेंढरांमागं आयुष्य घालवून तिला खुराक पुरवला होता. पण तिशी उलटली तेव्हा ती शहरातल्या पुंडलिकनगरात भाड्याच्या खोलीत राहत होती आणि एका खासगी शाळेत मुलींकडून कवायत करून घेत होती.

अशात शहरात जाळीच्या पिंजऱ्यातल्या, ठोसे-लाथा सगळं चालणाऱ्या लढती भरवणारे तात्यासाहेब तिला शोधत आले. तनुजा नावाच्या पोरीसमोर उतरायला त्यांना कुणीतरी हवं होतं. तनुजा लढायची बरी, पण बोलायची जहाल. मोबाइलवर समोरच्या पोरीचा रंग, गाव, घरदार सगळं उकरून काढायची. निम्मं शहर तिच्यावरून जीव ओवाळून टाकायचं, उरलेलं तिला शिव्या घालायचं. बघायला मात्र दोघंही यायचे.

पत्रकारांसमोर तनुजा म्हणाली, "हिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. हाकलत पिशोरला नेऊन सोडते हिला."

हशा पिकला. सुकेशनीनं पुढं आलेला माइक बाजूला सारला. लढतीत मात्र दुसऱ्याच फेरीत तिनं तनुजाला खाली घेतलं आणि गळ्याला अशी मगरमिठी घातली, की तनुजानं हात आपटून हार मानली. लोक हिरमुसले. सुकेशनीचा हात वर झाला तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

कपडे बदलायच्या खोलीत तनुजा एकटीच रडत होती. सुकेशनीनं तिला पाणी दिलं.

"ताई, राग धरू नका," तनुजा म्हणाली. "तसं बोलल्याबिगर कुणी बघत नाय. मी सातवीत असताना माझी आई दुसऱ्याबरोबर निघून गेली. गल्ली आम्हाला हसायची. तवाच ठरवलं, आपणच आधी हसायचं. हे कुणाला बोलले नाय मी."

सुकेशनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी जो तो मोबाइलवर हरलेल्या तनुजालाच बघत होता. शाळेच्या मैदानावर मुली सुकेशनीच्या मागं मेंढरासारखं ओरडून पळाल्या. सहा महिने तात्यासाहेबांचा फोन आला नाही. शेवटी तीच त्यांच्याकडं गेली.

"तू जिंकली, पण लोकांना तुझा राग नाय आला आन् लळाबी नाय लागला," ते म्हणाले. "पुन्हा लावतो तुमची लढत. पण या बारीला बोलावं लागंल."

सुकेशनी बोलली. कॅमेऱ्यांपुढं उभं राहून, तनुजाच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, "हिची आई हिला टाकून पळाली. आईला नको झालेली पोर माझ्यापुढं काय टिकणार?"

शिट्ट्यांनी सभागृह दणाणलं. पहिल्या रांगेत बसलेला तनुजाचा बाप उठला आणि खाली मान घालून बाहेर गेला.

लढत दीड मिनिटात आटोपली. तनुजा धड हातसुद्धा उचलत नव्हती. त्यानंतर ती पुन्हा कधी पिंजऱ्यात उतरली नाही. सुकेशनीचे फलक चौकाचौकांत झळकले. शाळेतली नोकरी तिनं सोडून दिली.

दसऱ्याला ती पिशोरला गेली. ओट्यावर बसलेल्या मुंजाबानं विचारलं, "त्या पोरीच्या आईचं तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"इस्वासानं सांगितलं असंल."

"व्हय."

मुंजाबानं पायात वहाणा सरकवल्या. मग म्हणाला, "मंग आता तुला काई सांगायचं म्हणजे इचार करावा लागंल, सुके."

त्याच्या छातीत गेल्या महिन्यापासून कळ येत होती. सुकेशनीला ते कळलं दिवाळीनंतर, तेही चुलत भावाकडून, मुंजाबा दवाखान्यात पडल्यावर.