पाण्याचा हुकूमशहा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर इतिहासाचे एक निवृत्त मास्तर राहायचे. खांद्यावरून टॉवेल असा लपेटायचे, की अंघोळीला निघालेत की रोमच्या सिनेटमध्ये, कळत नसे. बोलणं कुठूनही निघो, रोमला पोचायचं.

एका उन्हाळ्यात पाण्यावरून मारामारीची वेळ आली. "रोममध्ये अशा वेळी एकालाच हुकूमशहा नेमत. पण संकटापुरताच," मास्तर सभेत म्हणाले. मी थट्टेने त्यांचंच नाव सुचवलं, तर ते मंजूरच झालं. पंपाची चावी हातात येताच त्यांनी आधी स्वतःच्या घरचं पाणी निम्मं केलं. मग भांडायची कोणाची टाप नव्हती.

टंचाई सरली, तशी त्यांनी चावी सभेच्या टेबलावर ठेवली.

"सर, कायमचे राहा ना," सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो.

"अरे, अशाच लाडाने रोमची वाट लागली," म्हणत त्यांनी चावी माझ्याच हातात दिली.

आठवड्याभरात मी पंप चालू ठेवून टीव्हीवर क्रिकेट बघत बसलो आणि जिन्यावरून धबधबा सुरू झाला. सगळे मास्तरांच्या दाराशी धावले.

"चावी त्याच्याकडे आहे," एवढंच ते म्हणाले, आणि खराटा घेऊन माझ्याबरोबर जिन्यातलं पाणी लोटू लागले.