तेल जातं कुठे
बायको जाऊन वर्ष होईल. काल तिची ट्रंक उघडली तर हिरव्या पातळाला अजून जळक्या तेलाचा वास. ती होती तेव्हा आमची जुनी गाडी दर आठवड्याला तेल प्यायची आणि चढावर बंद पडायची. मिस्त्री सांगायचा, कुठून तरी गळतंय. ही म्हणायची, "घरापुढचं खळं मी रोज सारवते, गाडीखाली एक थेंब दिसत नाही. मग तेल जातं कुठे?" मी म्हटलं, "तू भाकऱ्या बघ." एकदा हातखंब्याच्या चढावर गाडी बंद पडली. कशीबशी चालू झाली तशी ही उतरून मागे गेली आणि धुराच्या नळीसमोर पदर धरला. पदर काळा, चिकट. "गळत नाही हो, आत जळतंय!" चांगलं पातळ नासलंस म्हणून मी तिच्यावरच ओरडलो. तसेच मिस्त्रीकडे गेलो, तेल आत जळतंय म्हणून मी सांगितलं. त्याने इंजिन खोललं, तर तेल अडवणाऱ्या आतल्या रिंगा झिजलेल्या. "कसं ओळखलंत, काका?" मी ठोकून दिलं, "अंदाज आला मला." ही काळा पदर मुठीत धरून गालात हसली. काल तो डाग नाकाशी धरला आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलं, "मिस्त्री, मी नव्हे, हिने ओळखलं होतं."